पहिल्या तुकडीची शेवटची जोडी

"मैत्री? तिच्याशी? बाई, तुम्ही घर चुकलात."

कात्रीची एक चीर देऊन शिवणबाईंनी पडद्याचं कापड असं टरकन फाडलं, की पाहणीला आलेल्या बाईंनी आपली खुर्ची हळूच मागे घेतली.

खोलीत दोन शिलाई मशीन, एक लांब टेबल आणि पायाखाली चिंध्याच चिंध्या. खिडकीजवळच्या मशीनवर शिवणबाईंची वहिनी खाली मान घालून अस्तर जोडत होती. तिनं पाहुणीला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. विचारणार होती, पण नणंदेनं डोळे वटारले.

"घर बरोबर आहे," पाहणीबाई म्हणाल्या. "संस्थेची पहिली तुकडी. तुम्ही शाळेत होतात, परदेशातली एक मुलगी वर्षभर तुमच्या घरी राहिली. त्या मैत्रीचं पुढे काय झालं, एवढंच विचारायला आलेय."

"कसलं काय व्हायचंय? संसार मोडला नाही, हेच नशीब!"

संस्थेच्या मंडळाला अलीकडे शंका येऊ लागली होती. पोरं इकडून तिकडे पाठवायची, तिकडची इकडे आणायची, निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी हमसून रडायचं. पण पुढे मैत्री टिकते का? मोजून दाखवा, नाहीतर कार्यक्रम बंद. मोजायचं कसं, तेही मंडळानंच ठरवून दिलं होतं: नंतर पत्रं किती, फोन किती, भेटी किती. सगळ्या जोड्या पालथ्या घालून झाल्या होत्या. कुणाला पाहुण्याचं नाव आठवेना, कुणाला देश. आता ही एकच जोडी उरली होती. एक तरी धड निघाली, तर मंडळ यंदाची तुकडी जाऊ देणार होतं. आणि यंदाच्या तुकडीत पाहणीबाईंची स्वतःची लेक होती. बॅग भरून, कुलूप लावून, रोज उघडून पुन्हा भरत बसलेली.

हे मात्र समोरच्याला सांगायचं नाही, असा नियम. लोकांना दया येते आणि ते खोटं बोलतात.

"कशी होती ती?" त्यांनी गोड आवाज काढला.

"कजाग. हट्टी. आल्या आल्या माझी खिडकीजवळची खाट बळकावली. आठवड्याभरात माझी आई फितवली. माझी आई, बरं का! मला म्हणायची, बघ जरा तिच्याकडे, कशी नीट राहते. आणि वर रडूबाई."

"रडूबाई नव्हती हो वन्सं," वहिनी मशीनवरूनच म्हणाली. "सर्दी झाली होती."

"तुम्ही होतात तेव्हा?" पाहणीबाईंनी विचारलं.

"होते तर."

"मग मधे बोलू नका, प्लीज. घरच्या माणसांचं धरत नाहीत. उत्तर फक्त मूळ विद्यार्थिनीचंच हवं."

"राहिलं," म्हणून वहिनीनं मशीन असं दामटलं, की टेबलावरचा खडू उडून पडला.

"संस्थेकडे तुमचा फोटो आहे," पाहणीबाई आवाज चढवून म्हणाल्या. "गळ्यात गळा घालून."

"घालायला लावला होता! मागून चिमटे काढत होती ती."

खिडकीजवळ कुणीतरी जोरात खोकलं. पाहणीबाईंनी तिकडे रागानं पाहिलं.

"बरं. ती परत गेल्यावर तुम्हाला पत्रं आली?"

शिवणबाईंची कात्री थांबली. "पत्रं यायची. ढिगानं यायची. घरात दुसऱ्यांना. मला एक ओळ नाही."

"मग धरता येत नाहीत." पाहणीबाईंचा चेहरा उतरला. "तुम्ही लिहिलंत?"

"मी कशाला लिहू? माझं काय अडलं होतं?"

"फोन?"

"फोनवर तिच्याशी काय डोंबल बोलायचं?"

"आता तिचा पत्ता? आम्ही तिकडच्या घरी लिहिलं होतं, उत्तर आलं नाही."

"येणार नाहीच. पत्ता मी लिहून ठेवलेला नाही."

"एखाद्या वेळी तिकडे गेलात? मुद्दाम तिला भेटायला म्हणून?"

"तिला भेटायला म्हणून मी आयुष्यात एक पाऊल उचललेलं नाही."

पाहणीबाई जवळजवळ रडकुंडीला आल्या. "अहो, निदान आठवण तरी येते का कधी?"

"आठवण यायला आधी विसरावं लागतं, बाई. माझा तिच्यावरचा राग रोज ताजा आहे. लिहा. आणि झालं असेल तर उठा, मला हे पडदे द्यायचेत."

पाहणीबाई उठल्या. चपला घातल्या. जिना उतरता उतरता त्यांनी लेकीला फोन लावला.

"बॅग उघड, बाळा. नाही जमलं. असलं वैर मी जन्मात पाहिलं नाही गं."

पलीकडे बॅग आपटल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "तुझी ती मोजपट्टी घाल चुलीत," आणि फोन बंद झाला.

वर शिवणबाईंनी दार धाडकन लावलं, कडी घातली. खिडकीजवळचं मशीन थांबलं.

"माझ्या तोंडावर मला कजाग म्हणालीस?" वहिनीनं कमरेवर हात ठेवले. "आणि पत्र एक नाही म्हणून त्या परक्या बाईपाशी गळा काढतेस?"

"मग खोटं काय बोलले?" शिवणबाईंनी तिच्या अंगावर पडदा भिरकावला. "लग्नाआधी लिहिलीस ती सगळी माझ्या भावाला. आणि लग्नानंतर, चोवीस तास माझ्या उरावर बसलेल्या बाईला पत्र लिहितं का गं कुणी?"