उसना विस्तव

सभा आटोपून खासदार डॉमिनिक रुआन आमच्या दारात आला, तेव्हा आईनं त्याला ‘बस’सुद्धा म्हटलं नाही. चुलीतला निखारा मडक्यात घालून पुढे केला. “घे. तुझ्या आईचा आहे.” तो हसला. “मावशी, गावानं बँड लावून मिरवलं मला, आणि तू विस्तव देतेस?” चाळीस वर्षांपूर्वी एक मेच्या सकाळी आमची चूल विझली होती आणि चार दिवसांची मी थंडीनं निळी पडले होते. एक मेला विस्तव घराबाहेर दिला की घराचं नशीब जातं, हे आमच्या आयर्लंडात, मेयोत, शेंबडं पोरही सांगेल. तरी डॉमिनिकच्या आईनं आम्हाला दिला. आठवड्यात जमीनदाराच्या माणसांनी त्यांचं छप्पर पाडलं, चुलीवर पाणी ओतलं, आणि ते बोटीनं इंग्लंडला गेले. उसना आणलेला तो विस्तव आईनं आजवर विझू दिला नाही. “अगं मावशी, घरं नशिबानं जात नाहीत, कायद्यानं जातात. तो बदलण्यातच जन्म गेला माझा.” “तुझा कायदा ठेव तुझ्यापाशी. मरताना आई काय म्हणाली तुझी?” त्यानं चुलीकडे पाहिलं. “‘मला आपल्या चुलीपाशी बसव’ म्हणाली.” त्यानं मडकं हातात घेतलं. मला राहवेना. “आई, आज एक मे आहे.” “ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं.” डॉमिनिकनं माझ्याकडे पाहिलं, निखारा हळूच पुन्हा चुलीत ठेवला आणि स्टूल ओढलं. “उद्या नेईन, मावशी. आज इथंच बसतो.”