पोळ्याच्या दिवशी दीडशे घोडे

स्टिअरिंगखाली वायर खुपसून निशिकांतरावांनी हातातल्या मोबाइलएवढ्या ट्यूनरवर गाडीची ताकद पार शेवटच्या टोकापर्यंत चढवली. पोळ्याला सासुरवाडीला जायचं होतं, आणि साडूनं नवी गाडी घेतली होती.

“कंपनीनं काही विचार करूनच ताकद ठरवली असेल ना?” बायको म्हणाली.

“कंपन्या भित्र्या असतात. आता बघ, दीडशे घोडे कसे उधळतात!”

उधळले खरे. थेट गावाच्या वेशीपर्यंत उधळले. तिथं तोरणाखाली झुली पांघरून उभ्या असलेल्या बैलांसमोर आणि झाडून साऱ्या गावासमोर गाडीनं काळ्या धुराचा लोट सोडला आणि मान टाकली. निशिकांतरावांनी ट्यूनरची सगळी बटणं दाबून पाहिली. घोडे ढिम्म.

गर्दीतून सासरे पुढे आले. निशिकांतरावांनी घाम पुसत त्यांच्या धिप्पाड बैलजोडीकडे बोट दाखवलं. “मामाजी, घरापर्यंत ही जोडी जुंपता का?”

सासऱ्यांनी दोन्ही कानांना हात लावले. “आज पोळा हाय, जवाईबापू. बैलायले आज जुपत नाही.”

मग त्यांनी अदबीनं गाडीचं दार उघडलं.

“उतरा. जवायाले जुपाले काई मनाई नाही.”