वास आला की हात वर

"वास आला की हात वर," बाईंनी वर्गाला बजावलं. वायूचे रेणू कसे पसरतात ते दाखवायला त्यांनी घरून अत्तराची कुपी आणली होती. पण बूच असं घट्ट बसलं होतं की बाईंच्या तोंडाला फेस आला तरी हलेना. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात वर गेला. थापाडीचा! थापा मारण्यात त्या पोरीचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं.

"अगं, कुपी उघडलीच नाही अजून. रेणू काय दाराच्या फटीतून आले?"

"खरंच येतोय, बाई! पण तुमचं अत्तर नासलंय."

वर्ग खो खो हसला. हसता हसता तिच्या पुढच्या बाकाचे हात वर झाले. मग त्याच्या पुढच्या. एकेक बाक करत हात बाईंच्या दिशेने येऊ लागले, आणि कुपी मुठीत धरूनच बाईंनी मागे पाहिलं. थापाडीच्या पाठीमागे प्रयोगशाळेचं दार होतं. आत गॅसचं सिलिंडर, आणि दाराला खरंच फट होती.

तेवढ्यात शिपाईमामा दिवा लावायला वर्गात आले.

"मामा, बटणाला हात लावाल तर खबरदार! पोरांनो, पुढच्या दाराने बाहेर. मुकाट्याने!"

सगळी पोरं मैदानात आली. मामांनी सिलिंडर बंद करून खिडक्या उघडल्या, तरी बाईंची मूठ काही सैल होईना. इतक्यात थापाडीचा हात पुन्हा वर गेला. बाईंनी वळून शाळेकडे पाहिलं.

"आता कुठून येतोय गं?"

"तुमच्या मुठीतून, बाई. बूच निघालं."