पाइनमधलं मोहोळ

बर्फ वितळू लागला की तिमोखदादा प्रिप्यात नदीकाठच्या रानात झाडांच्या पोकळ खोडांत वसवलेल्या मोहोळांची खबर घ्यायला निघतो. खोडावर बोटाने टकटक करायची आणि कान लावायचा. आतून गुणगुण उठून विरली, तर माश्या हिवाळ्यातून वाचल्या. यंदा आठ झाडं मुकी निघाली होती. हे नववं आणि शेवटचं. हेही मुकं निघालं, तर आमच्या वडिलांनी राखलेल्या माश्यांचा वंश संपला.

मी दमून त्या पाइनला पाठ टेकून उभा होतो. दादाने टकटक केली. गुणगुण उठली, विरली. मलाही ऐकू आली; निदान मला तसं वाटलं.

"आहेत," दादा म्हणाला. "सरक, मास्तर. खोड म्हणजे शाळेची भिंत वाटली का टेकायला?"

मी बाजूला झालो. त्याने पुन्हा टकटक केली. काहीच नाही.

त्याने पोकळीवरची फळी काढली. आत मेण नव्हतं, मेलेली एक माशीही नव्हती. फळी परत बसवायला त्याला वेळ लागला.

"टेक परत," तो म्हणाला.

मी टेकलो. त्याने टकटक केली. गुणगुण उठली, विरली.

"दादा, माझे कान म्हातारे झालेत."

"माझे नाहीत. वळ."

मी वळलो. त्याने माझ्या कोटावर, दोन खांद्यांच्या मधे, हलकेच टकटक केली आणि कान लावला. बराच वेळ तो हलला नाही.

"आहेत रे," तो आनंदाने म्हणाला. "भरपूर आहेत."