किमयाची जागा

या, जवळ बसा. बुवा कीर्तनाला उभे राहीपर्यंत एक गोष्ट सांगते. पेणच्या एका खासगी कॉलेजने हुशार मुलांच्या फोटोंचा फलक नाक्यावर लावला. मिठागरात राबणारी बायजाबाई रोज थांबून त्यातल्या लेकीकडे, किमयाकडे बघायची. किमयाने मात्र फोटो हटवायचा अर्ज दिला. “नशीब लागतं गो तिथं झळकायला,” आई चिडली. “आये, अनोळखी माणसं फलकावरचा तोच फोटो काढून मला मोबाईलवर पाठवतात. चेहरा माझा. लावताना मला विचारायचं असा कायदा हाय.” मग प्राचार्य स्वतः खाडीकाठच्या घरी आले. “बायजाबाई, चूक आमची. मुलीला विचारायला हवं होतं.” आता फलकावर तिच्या फोटोच्या जागी मिठासारखा पांढरा चौकोन आहे. बायजाबाई शेजारणींना दाखवते, “ती जागा माझ्या पोरीची. तिला विचारल्याशिवाय कोण काय लावत नाय.” टाळ वाजले. नाक्यावरून जाल तेव्हा चौकोन बघून किमयाची आठवण तेवढी ठेवा.