खुंटीवरची पगडी

"नाना, आज ती पगडी नको."

चिंतामणरावांचे हात डोक्याजवळच थांबले. श्रीकृष्ण आरशासमोर टायची गाठ सारखी करत होता. वसंत व्याख्यानमालेत आज त्याचं भाषण होतं. कागद बनवायचं शिक्षण घेऊन तो नुकताच स्वीडनहून इंदूरला परतला होता, आणि राजवाड्याच्या आसपासची सगळी मराठी मंडळी त्याला ऐकायला येणार होती. ज्या कारखान्यात त्याची नोकरी ठरत होती, तिथले मॅनेजरसाहेबही येणार होते. त्यांच्यासमोर वडिलांची ती होळकरी पगडी त्याला नको होती. मूळचा लाल रंग विटून गेला होता, कडेला घामाचे डाग. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, दरबारच्या कचेरीची पाटी बदलली, नाना पेन्शनीत निघाले. पगडी मात्र त्यांनी बदलली नव्हती.

"चांगलं नाही दिसत ते. लोक हसतात. असेच चला."

नाना वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी पगडी खुंटीला लावली. दुसरं डोक्यावर घालायला घरात काही नव्हतं. एक कानटोपी होती, पण एप्रिलच्या उन्हात ती घालून कोण निघणार? स्वयंपाकघराच्या दारातून रमाबाई काही बोलणार होत्या. नानांनी बायकोला मानेनंच नको म्हटलं.

रस्त्यानं ते मुलाच्या जरा मागून चालले, सारखा डोक्यावरून हात फिरवत. सभागृहात श्रीकृष्णनं त्यांना पुढे बसा म्हटलं नाही आणि ते आपण होऊन शेवटच्या खुर्चीत जाऊन बसले. श्रीकृष्णला हायसं वाटलं. या हायसं वाटण्याचीच पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटणार होती.

भाषण रंगलं. हिवाळाभर गोठलेली नदी, आणि एप्रिलच्या शेवटच्या दिवशी घरी बांधलेल्या तराफ्यांवरून त्याच बर्फगार पाण्यात धपाधप पडणारे विद्यार्थी, हे ऐकून लोक खूप हसले. मग त्यानं पिशवीतून तिथले विद्यार्थी घालतात तशी आपली पांढरी टोपी काढली. दुपारी सगळं गाव ग्रंथालयासमोर जमतं, तो सांगत होता. वरच्या सज्जातून कुलगुरू आपली टोपी हलवतात आणि त्याच क्षणी हजारो डोक्यांवर अशा टोप्या चढतात. तिथे वसंत येतो तो असा.

"पण माझ्या या टोपीला तिथे कोणी विचारत नाही," ओघात तो बोलून गेला. "खरा मान म्हाताऱ्यांचा. त्यांच्या टोप्या ते शिकत होते तेव्हाच्या, पार पिवळ्या पडलेल्या. जितकी जुनी टोपी, तितकी इज्जत. मुलं हात धरून त्यांना पुढे आणतात. कोणी हसत नाही…"

बोलता बोलता त्याची नजर मागे गेली. शेवटच्या खुर्चीत नाना मन लावून ऐकत होते, एक हात टकलावर. श्रीकृष्णचे कान तापले. ज्यांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती, त्या म्हाताऱ्यांसाठी त्यानं परदेशात थंडीत कुडकुडत टाळ्या वाजवल्या होत्या. भाषण त्यानं कसंबसं आटोपलं. टोपी घालून दाखवा, असा अध्यक्षांनी आग्रह केला. त्यानं ती घातली नाही.

मॅनेजरसाहेब हात मिळवायला पुढे आले, पण त्याचं लक्ष मागे होतं. नानांभोवती कचेरीतले जुने सोबती जमले होते, सगळे पगड्या-टोप्या घातलेले. कोणी नानांचा हात हातात घेत होतं, कोणी पाठीवरून हात फिरवत होतं. श्रीकृष्णचा जीव भांड्यात पडला. चला, मुलाचं कौतुक तरी त्यांच्या वाट्याला आलं. घरी गेल्यावर आपल्या हातानं पगडी त्यांच्या डोक्यावर ठेवायची, असं ठरवून तो गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी पोचला.

नानांचे जुने शेजारी बाबूराव खालच्या आवाजात विचारत होते, "क्या बात है, चिंतामणराव? आम्हाला खबर पण नाही दिली. बोडक्या डोक्यानं आलात… घरातलं कोण गेलं?"

नानांना श्रीकृष्ण दिसला. त्यांचा चेहरा खुलला.

"कोणी गेलं नाही, बाबूराव," ते म्हणाले. "मुलगा आलाय."