बियाण्याचा दुध्या

मळवलीच्या त्या जुन्या बंगल्याची परसबाग बघायला शाळेची मुलं आली होती. वेलावर एकच दुध्या बियाण्यासाठी वाळत ठेवलेला. त्या जातीचं बी दुसरीकडं कुठंच उरलेलं नव्हतं, म्हणून माळी मकसूद आबा त्याला वाऱ्यालासुद्धा हात लावू देत नसत. नेमका तोच दुध्या त्या मुलांतली अनुष्का तोडून घेऊन आली.

"आबा, हा सुकून गेलाय. खतात टाकू?"

मुलांना घेऊन आलेल्या सुनेत्राबाई तिच्यावर कडाडल्या.

"ऱ्हाऊ द्या, बाई." आबांनी दुध्या फोडला आणि पोरांच्या ओंजळीत बिया टाकत सुटले. "राखंत घोळवून ठिवा. ह्येच्याच एका दुध्यात बसून माझा आजा वऱ्हाडासकट इंद्रायणीतनं सुदुंबऱ्याला गेलता!"

"आणि घोडा?"

"घोडा मागनं पवत आला."

पोरं हसत पांगली. बाई ओशाळून म्हणाल्या, "आबा, तुम्हाला दोन तरी ठेवायच्या."

"लावू कुटं? बंगला इकला, बाई. सोमवारी हितं जेसीबी येतोय. चार दिस झालं, दुध्या तोडायला रोज येतो, पर माझाच हात उचलंना."